फ्लोम आणि शेळ्यांचं गाव: क्रूझवरून पाहिलेला नॉर्वेचा फियॉर्ड

वैशाली_ठाणे

नॉर्वेच्या क्रूझबद्दल इथे तुकड्यातुकड्यांत बरंच लिहून झालंय, पण फ्लोमवर वेगळा धागा सापडला नाही, म्हणून काढतेय. घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगून टाकते: फियॉर्ड बघायचा तो पहाटे डेकवर उभं राहून, आणि फ्लोम बघायचं ते धक्क्यापासून लांब जाऊन. बहुतेक मंडळी नेमकं उलट करतात. फियॉर्डच्या वेळी पांघरुणात आणि मग दिवसभर धक्क्यावरच्या दुकानांत फ्रिज-मॅग्नेट हुडकत.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७६, गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र आमच्या दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त. नणंद इंग्लंडात असते, तिच्याकडे राहून साउथॅम्प्टनहून जहाज पकडलं. जून महिना.

फ्लोम समुद्रकाठचं गाव आहे असं म्हणणं खरं तर धाडसाचं. नकाशा काढून बघा. सोग्नेफियॉर्ड नावाची समुद्राची फट किनाऱ्यापासून जवळपास २०४ किलोमीटर आत घुसलेली आहे, नॉर्वेतली सगळ्यात लांब. तिच्यात बरंच आत गेलं की उजवीकडे औरलांडफियॉर्ड ही शाखा फुटते आणि तिच्या टोकाला फ्लोम. म्हणजे जहाज रात्रीच आत वळतं आणि सकाळपर्यंत डोंगरांमधून चालत राहतं. काळोख असा होतच नाही, मध्यरात्रीही आभाळ राखाडी-निळं. पहाटे साडेचारला मी गजर लावला होता. नवऱ्याने "फोटो काढ, मी नंतर बघतो" असं सांगून कूस बदलली. सासूबाई माकडटोपी, शाल, वर माझं विंडचीटर असा जामानिमा करून दारात तयार.

डेकवर जेमतेम दहा-बारा माणसं. एवढं मोठं जहाज, पण वेग इतका कमी की पाण्यावर सुरकुतीसुद्धा फारशी उठत नव्हती. दोन्ही बाजूंना कडे थेट पाण्यातून वर गेलेले, माथ्यावर जूनमध्येही बर्फ. धबधबे मोजायचं आम्ही लवकरच सोडून दिलं. माझी नजर मात्र घरांवर अडकली. कड्याच्या मध्यावर एखादी हिरवी पायरी असावी तेवढीच जागा, तिच्यावर दोन लाकडी घरं, एक गोठा, आणि खाली पाण्यापर्यंत ना रस्ता ना पायवाट. सासूबाई बराच वेळ बघून म्हणाल्या, "हिला माहेरी जायचं झालं तर कशी जात असेल?" त्यांच्या मनात त्या घरात एक सून होतीच.

औरलांडफियॉर्डमध्ये वळल्यावर थोड्या वेळाने उजव्या हाताला अजून एक फट दिसते. तो नेरॉयफियॉर्ड. सगळ्यात अरुंद जागी रुंदी २५० मीटर. युनेस्कोने २००५ साली गाइरांगरफियॉर्डच्या जोडीने याला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. आमचं जहाज आत गेलं नाही, तोंडावरून पुढे सरकलं. आत जायचं तर फ्लोमहून गुडवांगेनला जाणाऱ्या छोट्या बोटी आहेत. त्यातली २०१८ साली आलेली एक तर पूर्ण विजेवर चालते, आवाज जवळपास नाहीच.

आता गाव. वस्ती साडेतीनशेच्या आसपास. एक जहाज लागलं की गावाच्या कितीतरी पट माणसं एका सकाळी उतरतात. नऊ वाजेपर्यंत बरं होतं. दहाला धक्का, रेल्वे स्टेशन, दुकानं, स्वच्छतागृहं, सगळीकडे रांगा. फ्लोमहून डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेची तिकिटं आम्ही घेतली नव्हती (मुद्दामच, सासूबाईंना गाडीत बसून राहायचं नव्हतं), म्हणून एक टॅक्सी करून उंड्रेदालला गेलो. पाच किलोमीटरचा एक बोगदा, तो संपता संपता खाली उतरणारा अरुंद रस्ता, आणि टोकाला पुन्हा तोच औरलांडफियॉर्ड. हा रस्ता १९८८ साली झाला. त्याआधी यायचं तर होडीनेच.

उंड्रेदालमध्ये माणसं शंभरच्या आत-बाहेर आणि शेळ्या त्याच्या काही पट. पांढरं, बाहुलीघरासारखं एक चर्च आहे, ११४७ सालचं मानतात, आत चाळीसेक जण बसतील एवढंच. बाहेरून बघून जुनं वाटतच नाही, कारण वरून फळ्या मारून पांढरा रंग दिलाय. आतला लाकडी सांगाडा मात्र अस्सल जुना, नॉर्वेत ज्यांना स्टेव्ह चर्च म्हणतात त्या जातीचा. आजही तिथे प्रार्थना होते.

आणि मग चीज. शेळीच्या दुधाचं चीज करताना जे निवळीचं पाणी उरतं ते तासन् तास आटवतात, आटता आटता त्यातली साखर करपून तपकिरी होते. त्याची वडी पडते, तिला गाइतोस्त म्हणतात. दुकानातल्या बाईंनी विटेएवढा तुकडा लाकडी पाटावर ठेवला, हातात चपट्या कालथ्यासारखं एक हत्यार, मध्ये फट आणि फटीला धार. रंधा मारावा तसं ते चीजवरून ओढलं की कागदासारखा पातळ, कडेला गुंडाळलेला काप वर येतो. हे हत्यार म्हणे एका सुतारानेच शोधलं, लिलहामरच्या, १९२५ साली पेटंट घेतलं त्याने. जाड तुकडा तोडून खाल्लं तर टाळूला चिकटतं, पातळ काप जिभेवर विरघळतो. आधी गोड, मग खारट, मग शेळीचा वास. सासूबाईंचा निकाल: "खवा परतताना फोन आला आणि मीठ पडलं." पण चार काप खाल्ले त्यांनी.

फोटो उद्या टाकते. विचारा काही असेल तर.

निद्रिस्त_ज्वालामुखी

रुमाल टाकून ठेवतो. फोटोंशिवाय धागा अपूर्ण आहे याची नोंद घ्यावी.

सासूबाईंना साष्टांग.

प्राची_नाशिक

मस्त लिहिलंयस गं. आम्ही पुढच्या वर्षी विचार करतोय, तर भरपूर प्रश्न:
व्हिसा कुठला काढलात? शाकाहारी माणसाचे हाल होतात का? जहाज लागतं का (मला मुरुड-जंजिऱ्याच्या होडीतही लागतं)? आणि तो मध्यरात्रीचा सूर्य फ्लोममध्ये दिसतो का?

खडकू

फियॉर्डबद्दल थोडं भूगोलाचं, आवडत नसेल त्यांनी पुढे सरकावं.

ही समुद्राने कोरलेली फट नव्हे. बर्फाने कोरलेली दरी आहे, समुद्र नंतर आत शिरला. हिमयुगांत एक-दोन किलोमीटर जाडीची हिमनदी उतारावरून सरकायची. नदी दरी कापते ती इंग्रजी व्ही अक्षरासारखी, हिमनदी कापते यूसारखी, तळ रुंद आणि भिंती उभ्या. सोग्नेफियॉर्डची कमाल खोली १३०० मीटरच्या वर आहे. गंमत अशी की समुद्राकडच्या तोंडाशी तो त्यामानाने उथळ आहे, दोनशे मीटरच्याही आत. बर्फ तोंडाशी पोचेपर्यंत पसरून पातळ झालेला, त्याचा जोर संपलेला, त्यामुळे तिथे उंबरठा शिल्लक राहिला. आत मात्र सगळा भार एकाच जागी, खरवडत खाली गेला.

धबधब्यांचंही तसंच. मुख्य हिमनदी मोठी, तिने दरी खोल नेली. बाजूच्या छोट्या हिमनद्यांना तेवढं जमलं नाही. बर्फ गेल्यावर त्या बाजूच्या दऱ्या कड्यावर अधांतरी राहिल्या आणि त्यांचं पाणी आता थेट खाली पडतं. वैशालीताईंना ज्या घरांचं नवल वाटलं ती घरंही बहुधा अशाच अधांतरी दरीच्या तोंडाशी किंवा कड्यावरच्या पायरीवर आहेत. तिथेच थोडी माती आणि पाणी मिळतं.

फियॉर्डच्या पाण्याचा हिरवट दुधी रंग म्हणजे बर्फाने दळलेलं खडकाचं पीठ. ते इतकं बारीक असतं की तळाशी बसत नाही, तरंगत राहतं. शिवाय उन्हाळ्यात वरचा थर नद्यांच्या गोड्या पाण्याचा असतो आणि खारं पाणी त्याखाली.

प्राची, मध्यरात्रीचा सूर्य आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेला, म्हणजे साडेसहासष्ट अंशांच्या पुढे. फ्लोम एकसष्ट अंशांच्या जरा अलीकडे आहे. जूनमध्ये सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो, पण मावळतो. शिवाय डोंगर इतके उंच की गावातून तो त्याच्या आधीच दिसेनासा होतो.

भटकभवानी

सगळ्यांच्या आनंदात मिठाचा खडा टाकते, माफ करा.

साडेतीनशे वस्तीच्या गावात एका सकाळी तीन-चार हजार माणसं ओतायची, त्यांनी जेवण जहाजावर करायचं, झोप जहाजावर, गावात एक मॅग्नेट आणि एक वॅफल, आणि संध्याकाळी धूर सोडून निघून जायचं. याला मी तरी प्रवास म्हणणार नाही. लेखातच लिहिलंय की दहा वाजता सगळीकडे रांगा. त्या रांगेत आपणही होतो ना?

बर्गनहून ट्रेनने व्हॉस, व्हॉसहून बसने गुडवांगेन, तिथून बोटीने नेरॉयफियॉर्डमधून फ्लोम, आणि फ्लोमहून रेल्वेने वर डोंगरातलं मिरडाल स्टेशन. ही जोडतिकिटं वर्षानुवर्षं मिळतात. फ्लोममध्ये एक रात्र राहा. जहाजं गेल्यावर संध्याकाळी ते गाव कसं असतं ते बघा. मी पाहिलंय. नदीचा आवाज स्टेशनपर्यंत येतो.

दर्यावर्दी_रत्नागिरी

भटकभवानी ताई, तुमचं चुकीचं नाही. पण मी दुसऱ्या बाजूने सांगतो, म्हणजे जहाजाच्या पोटातून.

मी क्रूझवर गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात आहे. आमच्याकडे रत्नागिरी, गोवा, मुंबईची पोरं कुठल्याही जहाजावर सापडतील. वैशालीताई ज्या वेळी डेकवर होत्या त्या वेळी आम्ही खाली तीन हजार लोकांच्या नाश्त्याची अंडी फोडत असतो. सोग्नेफियॉर्डमधून मी किती वेळा गेलो असेन, पण पहिल्या सीझनला मला फियॉर्ड माहीत होता तो भांडी धुवायच्या जागेजवळच्या गोल खिडकीतून. हिरवा डोंगर जातोय, पांढरी रेघ जातेय, हिरवा डोंगर जातोय. बस. नंतर एका फिलिपिनो मित्राने पुढच्या बाजूचा क्रू-डेक दाखवला. तेव्हापासून ब्रेक मिळाला की चहा घेऊन तिथे.

फ्लोम आम्हा लोकांना का आवडतं सांगू? धक्का गावातच लागतो. ज्या बंदरात जहाज नांगरून टेंडर नावाच्या छोट्या बोटीने किनाऱ्यावर जावं लागतं तिथे क्रूचा नंबर शेवटी. फ्लोमला दोन तासांची सुट्टी मिळाली तर पंधरा मिनिटांत माणूस नदीकाठी गवतावर पडून घरी व्हिडिओ कॉल करतो. आई विचारते, "पाठीमागे पडदा लावलायस काय रे?"

थोडं कामाचं:
आत येताना जहाजावर नॉर्वेचा स्थानिक पायलट असतो, त्याच्याशिवाय एवढं मोठं धूड आत आणत नाहीत. जहाजाच्या रोजच्या बातमीपत्रावर "सीनिक क्रूझिंग" म्हणून वेळ छापलेली असते. तिच्या दीड-दोन तास आधी उठा, खरी मजा त्यात आहे. पुढच्या डेकवर वारा असतो, मागच्या डेकवर कमी. आजी-आजोबांना मागे बसवा. जहाजातून उतरायच्या शिडीचा कोन भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो, गुडघेवाल्यांनी उतरायची घाई न करता थोडं थांबून विचारावं.

आणि परत यायच्या वेळेबद्दल: जहाजाची स्वतःची सहल उशिरा आली तर जहाज थांबतं. तुमची खासगी टॅक्सी उशिरा आली तर नाही. बोगद्यात गाडी बंद पडली ही सबब कॅप्टनला चालत नाही.

अनघा_बर्गन

छान धागा. गेली बरीच वर्षं बर्गनला आहे, त्यामुळे दोन पैसे माझेही.

पहिलं म्हणजे, तुम्ही ज्याला फ्लोम म्हणताय तो भाग खरं तर फ्रेटहाइम. धक्का, स्टेशन, हॉटेल सगळं तिथे. हॉटेलही जुनं, एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेब इथल्या नदीत सामन मासे पकडायला यायचे त्या काळापासूनचं. मूळ वस्ती दरीत तीनेक किलोमीटर आत आहे. तिथे सतराव्या शतकातलं तपकिरी लाकडी चर्च आहे, आजूबाजूला शेतं, मेंढरं, सफरचंदाची झाडं. नदीच्या कडेने सपाट रस्ता जातो, पाऊण तासाची चाल. जहाजातून उतरलेले शंभरातले दहाही तिथवर जात नसतील. सासूबाई नसत्या तर मी उंड्रेदालच्या आधी हेच सुचवलं असतं.

जरा चढायची तयारी असेल तर वाटेत ब्रेकेफॉसेन धबधबा आहे. त्याच्या दगडी पायऱ्या नेपाळहून आलेल्या शेर्पांनी रचल्या आहेत. नॉर्वेत अनेक डोंगरवाटांवर त्यांचंच काम दिसतं. वरून फियॉर्ड आणि धक्क्याला लागलेलं तुमचं जहाज एका नजरेत येतं.

भटकभवानी, धुराबद्दल. इथेही त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहे. उन्हाळ्यात वारा पडलेला असला की उभ्या भिंतींच्या मध्ये धूर निळसर पट्ट्यासारखा तरंगत राहायचा, मी पाहिलाय. २०१९ पासून जागतिक वारशाच्या फियॉर्डमध्ये गंधक, नायट्रोजनची ऑक्साइडं आणि सांडपाणी यांवर कडक नियम आले. त्याआधी २०१८ साली संसदेने ठराव केला होता की २०२६ पासून या फियॉर्डमध्ये उत्सर्जन शून्य. मग घोडं अडलं. मोठ्या जहाजांना तंत्रज्ञान तयार नाही म्हणून मुदत वाढवली. आता १०,००० ग्रॉस टनांखालच्या प्रवासी बोटींना १ जानेवारी २०२६ पासून नियम लागू आणि त्यावरच्या जहाजांना २०३२ पासून. म्हणजे ज्यांच्यावरून ओरड झाली तेच सगळ्यात शेवटी.

पण गावातल्यांना विचाराल तर उत्तर एकसुरी येत नाही. बेकरीतली, बोटीवरची, दुकानातली कामं याच चार महिन्यांवर चालतात. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये नदीला पूर येऊन दरीतली घरं वाहून गेली होती. गाव पुन्हा उभं राहिलं, तरुण पोरं टिकली, यात पर्यटनाच्या पैशाचा वाटा आहेच, हे तिथलेच लोक सांगतात. आणि हेच लोक जुलैमध्ये स्वतःच्या दुकानात दूध आणायला जहाज गेल्यावर जातात.

रुळावरचा

सहा प्रतिसाद झाले आणि रेल्वेवर कोणी धड बोललं नाही! वैशालीताई, फ्लोमला जाऊन फ्लोम्सबाना सोडली? मनाला यातना झाल्या.

आकडे घ्या. लांबी २०.२ किमी. फ्लोम स्टेशन समुद्रसपाटीपासून २ मीटर, मिरडाल ८६७ मीटर. चढ १ : १८, आणि जवळजवळ ८० टक्के मार्ग याच चढाचा. आपल्या बोरघाटात चढ १ : ३७ आहे आणि तिथे मागून बँकर इंजिनं लावतात. माथेरानची गाडी १ : २० चढते, अंतरही जवळपास एवढंच, पण ती दोन फुटी गेजची चिमुकली गाडी, १९०७ सालची. फ्लोम्सबाना पूर्ण मापाची, स्टँडर्ड गेज, मोठे डबे, आणि दाते असलेला मधला रूळ नाही! फक्त चाक आणि रूळ यांच्या घर्षणावर वर जाते.

बोगदे २०, त्यातले १८ हाताने खणलेले. एक मीटर बोगद्याला एका मजुराचा महिना लागायचा असं सांगतात. काम १९२४ च्या सुमारास सुरू झालं, १९४० मध्ये वाफेवर गाडी धावली, १९४४ पासून वीज. एक बोगदा तर डोंगराच्या पोटात पूर्ण उलटा वळतो, आत शिरताना दरी एका बाजूला आणि बाहेर येताना दुसऱ्या बाजूला.

मध्ये शॉसफॉसेन धबधब्यापाशी गाडी पाचेक मिनिटं थांबते. एकूण उंची २२५ मीटर. उन्हाळ्यात तिथे संगीत सुरू होतं आणि खडकावर लाल कपड्यातली एक बाई नाचायला लागते, लोककथेतली हुल्ड्रा, माणसांना भुलवून डोंगरात नेणारी. मला हा प्रकार अगदीच टूरिस्टी वाटला. तेवढ्या वेळात मी पलीकडचं पॉवरहाउस पाहिलं.

वर चढताना मिरडालला उतरून परत त्याच गाडीने खाली येतात सगळे. त्यापेक्षा वर जाताना गाडी आणि खाली येताना सायकल. जुना रल्लारवेगन, म्हणजे बर्गन रेल्वे बांधणाऱ्या मजुरांचा रस्ता, खाली फ्लोमपर्यंत येतो. ब्रेक चांगले असलेली सायकल घ्या. सुरुवातीची वळणं फार तीव्र आहेत, तिथे मी गुपचूप उतरून चालत आलो.

तिकीट आधी काढा. जहाजाच्या दिवशी आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका.

वैशाली_ठाणे

अरे वा, जेवून येईपर्यंत एवढे प्रतिसाद!

प्राची: साउथॅम्प्टनहून निघायचं तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि नॉर्वेसाठी शेंगेन वेगळा. आमच्याकडून मल्टिपल एंट्री मागितली होती, तुमच्या बुकिंगवाल्याकडून लेखी विचारून घ्या. नातेवाईक इंग्लंडात नसतील तर हॅम्बुर्ग, कील, कोपनहेगन इथूनही जहाजं निघतात, तिथे शेंगेनवर भागतं आणि एका व्हिसाचा ताप वाचतो.

शाकाहार: जहाजावर काहीच अडचण नाही, सांगून ठेवलं तर भारतीय जेवणही करून देतात. फ्लोममध्ये बेकरी आहे, वॅफलवर तपकिरी चीज आणि स्ट्रॉबेरीचा जॅम घालून देतात, ते मात्र खवा-मीठ प्रकरणापेक्षा फारच छान लागतं. चीजमध्ये रेनेट (दूध फाडायला वापरतात तो वासराच्या पोटातला पदार्थ) असतं का हे बघणाऱ्यांनी दुकानात विचारावं. सुपरमार्केट आहे, पण भाव बघून हात मागे येतो. घरून लाडू, चिवडा चालेल. दुधाचे पदार्थ मात्र युरोपबाहेरून नॉर्वेत नेता येत नाहीत, पेढ्यांची आशा सोडा.

जहाज लागणं: फियॉर्डमध्ये अजिबात नाही, बशीतला चहा हलत नाही. पण तिथवर पोचायला उत्तर समुद्र ओलांडावा लागतो, तिथे एक रात्र नवरोबा आडवे होते. पहाटे साडेचारला न उठण्याचं त्यांचं अधिकृत कारणही तेच.

भटकभवानी: हो, त्या रांगेत मीही होते. तुम्ही म्हणता तसं राहायला मला आवडेल. पण सासूबाईंना घेऊन ट्रेन-बस-बोट-ट्रेन, दर ठिकाणी बॅगा उचलत? त्या जहाजामुळेच तिथे पोचल्या. त्यांच्यासाठी मी रांगेत उभी राहीन.

दर्यावर्दी: तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. आमच्या टेबलवर वाढायला एक म्हापशाचा मुलगा होता. सासूबाई रोज त्याला "तू जेवलास का?" विचारायच्या आणि तो रोज हसून "जेवलो आजी" म्हणायचा.

भटकभवानी

सासूबाईंच्या मुद्द्यावर माघार. धुराच्या मुद्द्यावर नाही. २०३२ म्हणे.

मुलूखगिरी

आमच्या मार्गावर फ्लोम नाही, गाइरांगर आहे. काही तुलना करेल का कोणी? काही हुकतंय का?

खडकू

मी गाइरांगरला गेलोय, क्रूझनेच. हुकत काही नाही. फियॉर्ड पंधरा किलोमीटरचा, पण नाटक जास्त. एका बाजूला "सात बहिणी" हे धबधबे, समोर "प्रियकर" नावाचा एकटा धबधबा. पाऊस कमी असेल तर सातांपैकी चार-पाचच हजर असतात.

गाव फ्लोमपेक्षाही लहान आणि जहाजं बऱ्याचदा बाहेर नांगरतात, मग टेंडर किंवा तरंगता पूल. धबधब्याच्या कडेने लोखंडी जिना आहे, ३२७ पायऱ्या, वर फियॉर्डचं संग्रहालय. पायऱ्या धबधब्याला इतक्या खेटून आहेत की रेलिंग ओलं असतं आणि शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. तिकडे बसने गेलात तर एका बाजूला ईगल रोडची ११ वळणं आणि दुसऱ्या बाजूला डालस्निबा, जवळजवळ १५०० मीटरवर.

तिथे कड्यावर सोडून दिलेली शेतं आहेत. स्कागेफ्लो नावाचं एक आहे, सुमारे अडीचशे मीटर वर. शिडी लावून चढायचे आणि करवसुली करणारा आला की शिडी वर ओढून घ्यायचे, अशी दंतकथा. १९९३ साली राजा हाराल्ड आणि राणी सोन्या यांनी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस तिथे साजरा केला होता.

एक गोष्ट गाइड लोक हळू आवाजात सांगतात. शेजारच्या ताफियॉर्डमध्ये ७ एप्रिल १९३४ ला डोंगराचा कडा पाण्यात कोसळला. लाट ६० मीटरच्या वर चढली, ४० माणसं गेली. आणि आता जवळच आकरनेसेट नावाच्या डोंगराला मोठी भेग आहे, ती दर वर्षी काही सेंटिमीटर रुंदावते. चोवीस तास यंत्रांनी तिच्यावर लक्ष ठेवलेलं असतं, गावात भोंगे आहेत. अचानक होईल असं नाही, आधी इशारा मिळेल असंच तिथले शास्त्रज्ञ धरून चालतात. तिथल्या दुकानदाराला मी याबद्दल विचारलं. तो म्हणाला, हिवाळ्यात हिमकडे कोसळून रस्ता बंद होतो त्याची काळजी त्याला जास्त असते.

अनघा_बर्गन

गाइरांगर की फ्लोम असं विचाराल तर: फक्त डेकवरून बघणार असाल तर गाइरांगर. उतरून चालणार असाल तर फ्लोम. मात्र फ्लोमहून औरलांडला जायला विसरू नका, बसने दहा मिनिटं. तिथे तेराव्या शतकातलं दगडी चर्च आहे, हातशिलाईच्या बुटांचा छोटा कारखाना आहे (पेनी लोफर म्हणतात त्या बुटांचा पूर्वज तिथला असल्याचा दावा आहे), आणि वर ६५० मीटरवर स्टेगास्टाइन. ती लाकडी माची डोंगरातून तीस मीटर हवेत बाहेर येते आणि टोकाला खाली वळते, टोकाला फक्त काच. उंचीची भीती असेल त्यांनी मध्यावर थांबून परत यावं, दृश्य तेवढंच मिळतं.

आणि छत्री नको, रेनकोट घ्या. बर्गनला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस असतो. फ्लोम आत, डोंगरांच्या आडोशाला आहे, तिथे बराच कमी पडतो. पण जहाज बहुधा बर्गनलाही थांबेल.

प्राची_नाशिक

सगळ्यांचे आभार, नवऱ्याला लिंक पाठवलीय. एकच शेवटचं: बाल्कनीची केबिन घ्यायची तर डावी बाजू की उजवी? एजंट म्हणतोय उजव्या बाजूला जास्त पैसे.

दर्यावर्दी_रत्नागिरी

एजंट फसवतोय. फ्लोमला गाव टोकाला आहे, त्याच वाटेने जहाज परत येतं. जाताना जी भिंत उजवीकडे, ती येताना डावीकडे. जाताना उंड्रेदाल उजवीकडून जाईल, औरलांड डावीकडून. येताना उलट. जास्त पैसे कशाचेही देऊ नका.

फक्त निघतानाचा वेळ बघा. संध्याकाळी जहाज सुटतं तेव्हाच पहिल्या बॅचचं जेवण लागतं आणि सगळे खाली पळतात. तुम्ही उशिराची बॅच मागून घ्या. डेक रिकामा मिळेल, उजेड रात्री दहापर्यंत आहेच, आणि आम्हालाही तेवढीच एक ऑर्डर कमी.

प्राची_नाशिक

उशिराची बॅच पक्की. एजंटला उद्या फोन करते.